तिसरी फेज

रविवारी तिचं ग्रंथालय बंद असे, आणि रविवारचं दुपारचं जेवण आईकडे, हा शिरस्ता गेली अकरा वर्षं मोडला नव्हता. त्याही रविवारी ती साडेदहाला पोचली. आई पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या बाकावर, दोन गुडघ्यांत लोखंडी कडं धरून बसली होती. पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन म्हणजे घर. मधला पडदा कायम बाजूला सारलेला, कारण गिऱ्हाइकाशी बोलता बोलता दूध उतू जातंय का ते दिसलं पाहिजे, असं आईचं म्हणणं.

"आलीस? चपला काढू नकोस. तारेचे तुकडे पडलेत."

आई डायनामो गुंडाळत असे. आधी पंखे, पंप, मिक्सर. गेली बारा-पंधरा वर्षं मात्र गाड्यांचे डायनामो, आणि तेही एका खास जातीच्या गिऱ्हाइकांचे. गाडी कारखान्यातून येते ती दिवे, पंखा आणि एक बापुडवाणा रेडिओ चालेल एवढी वीज घेऊन. तिच्यात कुणी पिंपाएवढे वूफर आणि वीज गिळणारे अँप्लिफायर बसवले, की पहिल्याच ठोक्याला ती धापा टाकायला लागते. मग ही मंडळी डायनामो काढून आईकडे आणत. आई त्यातली बारीक तार उपसून टाकी आणि जाड तार भरी. फेरे कमी, तार जाड, वीज तिप्पट. सगळं हातानं. कड्याच्या आतल्या छत्तीस खाचांमधून तीन वेगवेगळ्या गुंडाळ्या भरायच्या. धंद्यात त्यांना फेज म्हणतात. तार खाचांतून लाटेसारखी खालीवर होत पूर्ण चक्कर मारून आली की एक फेरा. असे पाच. तिन्ही फेजमध्ये पाचच. एकीत चार पडले, तर डायनामो लंगडतो आणि गिऱ्हाईक जगभर बोंबलत फिरतं.

गाण्यांबद्दल आईचं मत वेगळं होतं. "त्या गाडीत पाच मिनिटं बसण्यापेक्षा मी पिठाच्या गिरणीत पाट टाकून जेवीन," ती म्हणे. "आपण वीज द्यायची. पुढे ते तिचं काय करतात ते त्यांचं त्यांना लखलाभ."

त्या दिवशीचं काम बेकरीवाल्याच्या व्हॅनचं होतं. पाव पोचवायची जुनी व्हॅन होती. तिच्यातले रॅक काढून त्या गृहस्थानं चार वूफर बसवले होते आणि तीन आठवड्यांनी असलेल्या आवाजाच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं होतं. गाडीतली बाकीची जोडणी करणारा कारागीर होता डेसिबल. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल.

"दोन फेज झाल्या," आई उजवा अंगठा चोळत म्हणाली. "अंगठा बोलायला लागलाय. तिसरी तू भर."

"मी?"

"नाही, ती समोरची भिंत."

"आई, मी तार धरली त्याला चोवीस वर्षं झाली."

"बोटं तीच आहेत ना? की ग्रंथालयात जमा केलीस?"

तिला काम येत होतं, ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. सतराव्या वर्षी आईनं तिला सगळं शिकवलं होतं, आणि अठराव्या वर्षी तिनं पुस्तकांमागे तोंड लपवलं होतं. कामावर कुणी विचारलं तर "आई घरीच असते" असं ती सांगे, आणि दुकानात गिऱ्हाइकानं काही विचारलं तर "मला त्यातलं काही कळत नाही." दोन्ही वाक्यं इतक्या वेळा म्हटली होती की आता ती खोटी वाटतही नसत.

तिनं हात धुतले, पुसले, बाकावर बसली. खाचेत कागदी अस्तर सरकवायचं, दोन तारा जोडीनं धरायच्या, फायबरच्या पट्टीनं हळूच ठोकत तळाशी बसवायच्या. पहिला फेरा तिला अर्धा तास लागला. दुसऱ्याला बोटांना आठवलं. तिसऱ्यात तिला आपण काय करतो आहोत याचा विसरच पडला. असं तिचं एरवी फक्त वाचताना होई. आई समोरच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. एका शब्दानं बोलली नाही. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, हा त्या खोलीतला एकमेव कडक नियम होता.

नियम मोडला तो फोननं. डेसिबलचा होता, आणि आई फोनवर बोलायची ती पलीकडचा माणूस विहिरीत पडल्यासारखी. "कितीला? चारला नाही व्हायचं. पाचला? पाच नको रे बाबा, व्हार्निश वाळायला नको का? सहाला ये. हो, सहा! चार काय लावलंयस मघापासून!"

फोन बंद झाला, आणि तिच्या हातातली तार जागच्या जागी थांबली. हा चौथा फेरा संपला, की पाचवा?

खाचेतल्या तारा सैल करून मोजता आल्या असत्या. पण आई समोर बसली होती. मोजायला घेतलं असतं तर आईनं सगळं उपसून पहिल्यापासून भरायला लावलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. पण एक्केचाळिसाव्या वर्षी आईसमोर आकडा चुकल्याचं कबूल करणं तिला जमेना. पाच झाले, असं तिनं ठरवलं. टोकं बांधली आणि कडं आईच्या हातात दिलं.

आईनं ते खिडकीकडे धरून फिरवलं, गुंडाळ्यांवरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हं." मग व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत ठेवलं. दोघी जेवल्या. सहाला डेसिबल आला आणि डायनामो फडक्यात गुंडाळून घेऊन गेला.

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून आई तिथंच पायरीवर बसली, ती पुन्हा उठली नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी बराच वेळ समजावून सांगितलं. तिनं आभार मानले.

सहाव्या दिवशी डेसिबलचा फोन आला. आधी तो खूप वेळ आईबद्दल बोलला, मग घसा खाकरून म्हणाला, "ताई, सांगू की नको कळत नाही. तो डायनामो बसवला. गाणं जोरात लावलं की दोन मिनिटांत अँप बंद पडतो, वीजच पुरत नाही त्याला. बाईंना दोष नाही देत हं. अंगठा दुखत होता त्यांचा, मला माहितीय. शेवटचं काम होतं. हात थरथरला असेल."

चार की पाच, हे त्या क्षणी तिला लख्ख कळलं असं तिला वाटलं: चार. चारच होते. आणि तरीही ती एवढंच म्हणाली, "असेल."

त्या एका 'असेल'ला पाय फुटले. स्पेअर पार्टच्या दुकानात बिजागरी आणायला गेली तर काउंटरमागचा माणूस हळहळला, "वाइंडिंगवाल्या बाई गेल्या ना? शेवटी शेवटी हात गेला होता म्हणतात." नजर गेली होती, असं आणखी कुणी म्हणालं. आकडा विसरायच्या, असंही. चाळीस वर्षांत एक काम परत आलं नव्हतं त्या बाईचं, आणि आता रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे तिला मोठ्या मनानं माफ करत सुटले होते. हिच्या तोंडून ब्र निघत नव्हता.

ग्रंथालयात ती शोकावरची पुस्तकं धुंडाळायची. सवयच तशी होती. काही झालं की आधी कपाट गाठायचं. चांगली पुस्तकं होती. पण आपली चूक मेलेल्या माणसाच्या नावावर खपवून गप्प बसलेल्या बाईबद्दल त्यांत एकही प्रकरण नव्हतं.

स्पर्धेला दोन दिवस उरले असताना, म्हणजे आई गेल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, ती आणि मामा दुकान आवरत होते. आवरणं मामाच्या मनात होतं. ती नुसतीच एका ड्रॉवरमधलं सामान दुसऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवत होती. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, निवृत्त हेडक्लार्क. सगळ्या गोष्टींची यादी केली की त्या सुटतात, यावर त्याचा विश्वास होता.

"हा बाक कुणी घेईल का?" मामा बाकाला टकटक करत म्हणाला. "तुझ्या काय कामाचा? पुस्तकं ठेवशील फार तर."

तेवढ्यात दाराशी नारंगी रंगाची व्हॅन येऊन उभी राहिली. इतकी नारंगी की डोळ्यांना झिणझिण्या याव्यात. त्यातून डेसिबल उतरला, मागोमाग बेकरीवाला, पोटावरचं पीठ झटकत.

"ताई, विचारायला आलोय," डेसिबल म्हणाला. "पुलापलीकडे एक जण आहे, तो उद्यापर्यंत डायनामो उपसून नव्यानं भरून देतो म्हणतोय. पण बाईंच्या कामाला हात लावायचा, तर तुम्हाला न विचारता कसा लावू?"

"करा हो, करा," मामा परस्पर म्हणाला. "आक्काचं वय झालं होतं. आम्हीच तिला म्हणत होतो, बस कर आता. माणूस थकतं."

"थकतंच," बेकरीवाला कळवळून म्हणाला. "माझ्या वडिलांनी शेवटी शेवटी साखरेऐवजी मीठ घातलेलं मैदा मळताना."

तिघंही प्रेमानं बोलत होते, आणि त्या प्रेमानंच तिचं डोकं फिरलं. पुलापलीकडचा तो माणूस तार उपसणार. तिसऱ्या फेजमध्ये त्याला चार फेरे सापडणार. मग हळहळ संपून पुरावा सुरू होणार, आणि आईच्या नावावरचा तो डाग कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. चूक शोधायचीच असेल, तर ती मीच शोधीन. दुसऱ्या कुणाच्या पकडीत ती तार जाऊ देणार नाही.

"कुणीही हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं पण—" मामा.

"मोजल्याशिवाय नाही. बॉनेट उघडा."

डेसिबलनं मामाकडे पाहिलं, मामानं बेकरीवाल्याकडे. "ताई, तुम्हाला यातलं..."

"बॉनेट उघडा म्हटलं ना मी?"

हा आवाज तिनं आयुष्यात कधी वापरला नव्हता. आईचा होता तो, विहिरीत पडलेल्या माणसाशी बोलायचा. डेसिबलनं निमूट बॉनेट उघडलं. तिनं ड्रॉवरमधून आईचे दोन्ही मीटर काढले, व्होल्ट मोजायचा आणि तारेला चिमट्यासारखा धरून अँपिअर मोजायचा, आणि पदर खोचून ती इंजिनावर वाकली.

ज्याची सर्वांत जास्त भीती होती, ते तिनं आधी मोजलं. डायनामोची मागची टोपी काढली. तिथं तिन्ही फेजची टोकं उघडी पडतात. दोन-दोन जोडीनं मोजली की लंगडी फेज लगेच कळते. इंजिन चालू करायला लावलं. पहिली जोडी. दुसरी. तिसरी मोजताना मीटरची काडी तिच्या हातातून दोनदा सटकली.

तिन्ही आकडे सारखे होते.

तिनं पुन्हा मोजले. पुन्हा सारखेच. पाच होते ते. पाचच होते.

"काय झालं? देऊ का बसायला खुर्ची?" मामानं विचारलं.

"नको. टोपी लावते. मग गाणं लावा. जेवढं जोरात लावता येईल तेवढं."

"खिडक्या—" बेकरीवाला म्हणाला.

"गाणं लावा."

आवाज आला असं म्हणणं बरोबर नव्हे. रस्ताच छातीत घुसला. दुकानाची काच थरथरली, बाकावरचे तांब्याचे तुकडे टिपऱ्या खेळायला लागले, समोरच्या गच्चीवरची कबुतरं एकदम उडाली आणि मामाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर उतरला. तिनं चिमटा मीटर डायनामोच्या तारेला लावला. दोनशे छत्तीस अँपिअर. मग बॅटरीवर व्होल्ट पाहिले: चौदा पूर्णांक एक. दोन मिनिटांनी मागे काहीतरी खटकन झालं, अँप बंद पडला आणि रस्त्यावर अशी शांतता पसरली की कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला नळ ऐकू आला.

"बघा," डेसिबल हात पसरून म्हणाला. "पुरत नाही वीज."

"आईनं किती सांगितले होते?"

"दोनशे चाळीस."

"दोनशे छत्तीस मिळाले. चारांसाठी पूल ओलांडून जाणार होतात?"

डेसिबल वाकून मीटरकडे पाहत राहिला. "पण मी मोजलंय, ताई. अकरा पूर्णांक आठ व्होल्ट येतात."

"कुठं मोजलंत?"

"अँपवर. मागे."

"आणि इथं पुढं?"

त्यानं मीटरवरून नजर काढून व्हॅनच्या मागच्या दाराकडे पाहिलं.

"गाणं वाजताना पुढचे दिवे मंदावत होते?"

"दिवे कोण बघतं, ताई?"

"नाही मंदावत," बेकरीवाला म्हणाला. "मी समोर उभा राहून बघितलंय. माझीच गाडी आहे, मी किती बाजूंनी बघत असतो तिला!"

"डायनामो कमी पडला असता तर सगळी गाडी मंदावली असती. दिवेसुद्धा. इथं बॅटरीवर चौदा आहेत आणि मागे बारासुद्धा नाहीत. म्हणजे सव्वादोन व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. मागचं दार उघडा."

आता तिला कुणी अडवलं नाही. पुन्हा गाणं लावायला सांगून तिनं आधी जायची तार मोजली, बॅटरीपासून अँपपर्यंत. बोटाएवढी जाड, उत्तम तार. तिच्यात फक्त शून्य पूर्णांक दोन हरवत होते. मग तिनं परतीची वाट मोजली. परतीला तार नव्हतीच. वीज गाडीच्या पत्र्यातूनच परत जाते, आणि त्यासाठी अँपची एक आखूड तार एका बोल्टनं पत्र्याला घट्ट आवळलेली असते. मीटरची एक काडी तिनं अँपवर ठेवली, दुसरी त्या बोल्टशेजारी पत्र्यावर टेकवली, तर आकडाच येईना. काडीखाली नारंगी रंग होता. तो तिनं काडीच्या टोकानं खरवडला, तेव्हा आकडा आला: दोन पूर्णांक एक.

तिनं बोल्टला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. बोल्टच्या भोवती रंगाला फोड आले होते.

"तुम्ही रंगावर बोल्ट आवळलात," ती म्हणाली.

डेसिबलचे कान लाल झाले. वीस वर्षं हेच काम करणारा माणूस. बोल्टखालचा पत्रा आधी घासून लख्ख करायचा असतो, हे तो झोपेतही सांगू शकला असता. "नवा रंग होता, ताई. तीन थर. शेठ म्हणाले, ओरखडा उठला तर याद राख."

"मी दाराबद्दल म्हटलं होतं रे!" बेकरीवाला ओरडला. "इथं वूफरच्या खाली कोण बघणार होतं? माझी म्हातारी?"

"तुम्ही म्हणालात गाडीला ओरखडा नको."

"गाडीला म्हणजे दिसेल तिथं!"

त्यांचं चालू राहिलं. तिनं पाना घेतला, बोल्ट सोडवला आणि आईच्या कानशीनं तिथला पत्रा खरवडायला सुरुवात केली. नारंगी, मग पांढरा, मग राखी, आणि शेवटी रुपयाएवढं चकचकीत लोखंड. बेकरीवाल्यानं मान दुसरीकडे वळवली. बोल्ट पुन्हा आवळून तिनं खूण केली.

या वेळी गाणं संपेपर्यंत वाजलं. अँपवर तेरा पूर्णांक आठ. वरच्या मजल्यावरच्या बाईनं खिडकीतून सगळ्यांचा उद्धार केला. ओठ तेवढे हललेले दिसले. गाणं संपल्यावर डेसिबल व्हॅनच्या पायरीवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी स्वतःच्या कानशिलांवर चापट्या मारून घेतल्या.

"मानलं बाईंना," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "अंगठा दुखत असताना भरलेला डायनामो. आणि एक फेरा इकडचा तिकडे नाही. मी गाढव. मी गावभर सांगत सुटलो की हात थरथरला. उद्या एकेकाच्या दारात जाऊन सांगतो, ताई, चूक माझी होती."

"मी म्हणतच होतो," मामा चष्मा पुसत म्हणाला. "आमच्या आक्काचा हात म्हणजे हात होता."

"शेवटचं काम, आणि कसं सोन्यासारखं!" बेकरीवाला म्हणाला.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. आता तिनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. आईचं नाव धुऊन निघालं होतं, चूक तिची स्वतःचीही नव्हती, आणि कुणाला काही सांगायची गरज उरली नव्हती. मीटर ड्रॉवरमध्ये ठेवायचे, हात धुवायचे आणि संध्याकाळच्या बसनं घरी जायचं.

तिनं पाना बाकावर ठेवला.

"दोनच फेज तिनं भरल्या," ती म्हणाली. "तिसरी मी भरली."

"तू?" मामा हसला. "तुला कुठं येतंय हे?"

"येतं. सतराव्या वर्षापासून येतं. तिनंच शिकवलं. आणि आजवर मी प्रत्येकाला सांगत आले की मला त्यातलं काही कळत नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण आता तो थांबणारही नव्हता. "तुम्ही त्या दिवशी फोन केलात ना, डेसिबल, तेव्हा मी भरत होते. माझा आकडा चुकला असं मला वाटलं. विचारलं नाही मी तिला. आणि नंतर तुम्ही तिचा हात थरथरला म्हणालात, तेव्हा मला वाटलं चूक माझी आहे, आणि तरी मी 'असेल' म्हणाले. दुकानदार म्हणाला तिचा हात गेला होता, मी ऐकून घेतलं. मामा, आत्ता तू म्हणालास ती थकली होती, तेही ऐकून घेतलं. तुम्ही चौकशी न करता बोललात. मी माहीत असून गप्प बसले."

"अगं पण चूक नव्हतीच ना," मामा गडबडून म्हणाला. "आता कशाला हे?"

"म्हणूनच आता. चूक निघाली असती, तर मी हे बोलले असते की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं, नसते बोलले. माझी अब्रू राखायला आईचं नाव जाऊ दिलं असतं मी. तेरा दिवस दिलंच."